बाराशे बिल्ले

सिनाझोंग्वेच्या धक्क्यावर आमचं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली चपटा दगड.
मासा पट्टीवर निजवायचा, तोंड शून्याला टेकवून,
शेपूट कुठे संपते ते मोठ्याने वाचायचं.
मी वाचते, चूल्वे लिहितो.
एकोणीस. सतरा. साडेसतरा.
दुपारपर्यंत वहीच्या पानांना खवले चिकटतात
आणि आकडे वाचण्याआधी ते नखाने काढावे लागतात.

आमच्या सूत्रात मरणाची दोन खाती आहेत:
आपोआप आलेलं, आणि जाळ्यातून आलेलं.
मगर पहिल्या खात्यात जाते.
माझ्या वडिलांचं गाव
धरणाचं पाणी चढलं तेव्हा खाली राहिलं,
त्याला खातं नाही.
मोपानेचे वाळके शेंडे अजून पाण्याबाहेर आहेत,
त्यांवर पाणकावळे पंख वाळवतात,
जाळी तिथेच अडकतात, मासेही तिथेच असतात.

गेल्या मे महिन्यात आम्ही बाराशे तिलापिया पकडले,
पाठीच्या पराजवळ प्रत्येकाला पिवळा बिल्ला टोचला
आणि हातातून सोडून दिले.
क्रमांक माझ्या अक्षरातले.
चारशे सतरा मला आठवते:
मादी, पोट अंड्यांनी तट्ट,
सुटताना तिने माझ्या तोंडावर पाणी उडवलं होतं.

मग वाट पाहिली.
ऑगस्टात होड्यांमधून नऊशे मासे टेबलावर आले.
बिल्लेवाले, नऊ.
बाराशे गुणिले नऊशे भागिले नऊ.
एक लाख वीस हजार!
साहेबांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या,
लुसाकाला अहवाल गेला,
चाळीस नव्या जाळ्यांचे परवाने आले.
पाण्यातल्या म्हशीचं मोल करू नये म्हणतात.
आम्ही ते दशांश चिन्हापर्यंत केलं होतं.

नोव्हेंबरात उन्हाने पत्रे कडकडत होते.
मी पाणी मागायला सियामांबोंच्या अंगणात शिरले.
बाई जाळं शिवत होती. मुलगी दारात बसलेली, लुयांडो,
सहा-सात वर्षांची, गळ्यात माळ:
काळे मणी, लाल मणी,
आणि मधून मधून पिवळं काहीतरी.

पाण्याचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

बाई म्हणाली, नजर जाळ्यावरच ठेवून,
‘चिठ्ठीवाला मासा सरकारचा असतो म्हणे.
दाखवला की जाळ्याचे डोळे मोजायला येतात,
बारीक निघाले तर जाळं नेतात.
म्हणून होडीतच काढतात सगळे.
हिला रंग आवडतो, म्हणून हिला देतात.’

माळ दे, म्हटलं.
लुयांडोने दोन्ही हातांनी ती गच्च धरली.
मग मी जमिनीवर बसले,
आणि ती स्वतःभोवती हळूहळू फिरत राहिली,
गिरणीच्या जात्यासारखी,
मी एकेक क्रमांक वाचत गेले:
अठ्ठावन्न. नऊशे दोन. दोनशे अकरा.
चारशे सतरा.
तिथे मी जरा थांबले. ती थांबली नाही.

एकतीस.
सगळे त्याच नऊशेंमधले, टेबलावर यायच्या आधी उपटलेले.
नऊ आणि एकतीस, चाळीस.
भागाकार मी तिथेच धुळीत बोटाने केला.
सत्तावीस हजार.
बाईला विचारावंसं वाटलं, तुम्हाला ठाऊक होतं का,
जाळं हाताला हलकं लागत होतं का.
तिनेच विचारलं:
‘आता आमचं जाळं नेणार?’

माहीत नाही, म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.
चाळीस परवाने तर मीच टाइप केले होते.

निघताना लुयांडो मागे मागे आली.
माळ मागे मिटत नव्हती, दोरा उघडा पडत होता,
तिला आणखी एक पिवळा हवा होता.
माझ्या खिशात एक होता,
बाराशे एक,
उरलेला, कधीच पाण्यात न गेलेला.
त्याने कुठलंच गणित बिघडणार नव्हतं.

दिला.
रात्री वहीत एक ओळ खोडली, नवी लिहिली.
बाहेर कापेंटा पकडणाऱ्या तराफ्यांचे दिवे लागले होते.
मोजायला सुरुवात केली,
बाविसाच्या पुढे हलू लागले.